मोरी, उंबरा आणि उंदीर: शिवारालगतच्या घरात साप येऊ नये म्हणून

अनगोळ, वडगाव, मजगाव, येळ्ळूर रस्ता, हिंडलगा, कंग्राळी. बेळगावच्या या कडेला भाताचं शिवार आणि स्लॅबची घरं यांच्यात आता एका कंपाऊंडाचंच अंतर उरलंय. पावसात बळ्ळारी नाल्याला पाणी चढलं की शिवारातले उंदीर, घुशी आणि बेडूक उंचवट्याकडे सरकतात, आणि उंचवट्यावर घरं असतात. साप त्यांच्या मागून येतो. त्याला खाणं, आडोसा आणि उन्हाळ्यात गारवा हवा असतो. या तिन्ही गोष्टी घरात आणि परड्यात मिळाल्या तर तो राहतो, नाही मिळाल्या तर पुढे जातो. म्हणून सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये असणं चांगलंच, पण साप बाहेर ठेवायचं खरं काम गवंडी, प्लंबर आणि कचऱ्याचा डबा करतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या दिसला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, गावभर तीच चर्चा. सापासाठी कोणी शाळा बंद ठेवत नाही. पण २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणं रुग्णालयांना बंधनकारक केलं, ते यामुळेच.

पैसे आणि वेळ मोजका असेल तर कामाचा क्रम असा धरा: आधी मोरी, मग दारं, मग उंदीर, शेवटी परडं. मे महिन्यात वळीव पडायच्या आत पहिली दोन उरकली पाहिजेत.

कोणता साप, एवढं तरी कळावं

सर्पदंशावर आपल्याकडे जी लस (खरं तर प्रतिविष) मिळते ती चार सापांच्या विषावर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बेळगाव शहरात आणि पश्चिमेच्या गावांत पहिले तीन. फुरसं जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या, दगडाळ माळावर जास्त. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्टीत चापडा हा झाडीतला विषारी सापही आहे. त्याच्यासाठी वेगळी लस इथे मिळत नाही, म्हणून त्या भागातून दवाखान्यात जाताना दंश कुठल्या झाडीत झाला, साप हिरवा होता की तपकिरी, हे डॉक्टरांना आठवणीने सांगायचं.

सगळ्यात जास्त गल्लत मण्यार आणि कवड्या यांच्यात होते, आणि हीच गल्लत जीव घेते. मण्यार काळी, निळसर झाक असलेली, चकचकीत. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे विरून जातात. सरळ उभ्या भिंतीवर सरसर चढणारा साप बहुधा कवड्या, मण्यार जमिनीवरची. तरीही पिल्लांत खुणा फसवतात. खात्री नसेल तर मण्यार समजूनच वागायचं.

दुसरी गल्लत घोणशीची. घोणशीच्या पाठीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात, डोकं त्रिकोणी, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. डुरक्या घोणस तिच्याहून लहान, शेपूट बोथट, ठिपके वेडेवाकडे, बिनविषारी. अजगराच्या पिल्लाचे डाग तर कुठल्याच रांगेत बसत नाहीत. ‘अजगराचं पिल्लू आहे’ म्हणत घोणस हातात घेणारे महाभाग दर पावसाळ्यात निघतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, एका वेळी वीस-तीसही, आणि ती साधारण मे ते जुलैमध्ये दिसतात. वीतभर पिल्लालाही पुरतं विष असतं.

धामण ही नागाची मादी नव्हे. धामण मोठ्या डोळ्यांची, लांब, चपळ, बिनविषारी, आणि उंदीर खाण्यात सगळ्यांच्या पुढे. शिवारालगत राहणाऱ्याने परड्यात धामण दिसली तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं. विहिरीत आणि गटारीत दिसणारी पाणदिवड करकचून चावते, रक्तही येतं, पण विष नाही.

मोरी

जुन्या घरात साप दारापेक्षा न्हाणीतून जास्त येतो. दगडी मोरी, कोपऱ्यात अडीच-तीन इंचांचं भोक, आणि ते थेट मागच्या उघड्या गटारीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात गटारीतल्या बेडकाचा किंवा उंदराचा माग काढत साप त्याच वाटेने गार फरशीवर येऊन बसतो.

भोकाच्या जागी न्हाणी ट्रॅप बसवून घ्या आणि त्याच्यापासून बाहेरपर्यंत पीव्हीसी पाइप सिमेंटमध्ये पक्का करा. पाइपाभोवतीची पोकळी बाहेरून १:३ सिमेंट-वाळूने भरायची. नुसती माती किंवा विटेचे तुकडे कोंबले तर घूस आठवड्यात उकरून काढते. ट्रॅपमधलं दोन इंच पाणी गटारीचा वास अडवतं, पण उंदीर किंवा साप अडवत नाही, दोघेही पाण्यातून सहज येतात. अडवते ती वरची जाळी. ती स्टेनलेस स्टीलची, ५-६ मिलिमीटर भोकांची आणि स्क्रूने आवळायची घ्या. नुसती वर ठेवायची जाळी पहिल्याच धुण्याच्या दिवशी बाजूला निघते आणि तिथेच राहते.

इथे हमखास चूक होते. लोक बाहेरच्या टोकालाही बारीक जाळी ठोकतात. केस, साबणाचा थर आणि भाताचं शीत अडकून ती आठ-दहा दिवसांत तुंबते, न्हाणीत पाणी साचतं, आणि मग कोणीतरी वैतागून ती उपटून टाकतं. बाहेरच्या टोकाला पाण्याच्या जोराने उघडणारी आणि मागून मिटणारी झडप लावावी. आतली जाळी आठवड्यातून एकदा स्क्रू काढून साफ करायची. त्यासाठी छोटा स्क्रू ड्रायव्हर न्हाणीच्या खिडकीतच ठेवा, शोधावा लागला की काम टळतं.

चेंबरचं झाकण तुटलेलं असेल तर बदला, आणि झाकण उचलायची भोकं बुचाने बंद करा. शौचालयाच्या गॅस पाइपाला वर जाळीची टोपी असावी. स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर पडतो तिथली पोकळी प्लंबर नव्वद टक्के वेळा तशीच सोडतो. सिंकखालचं कपाट उघडून टॉर्चने बघा.

उंबरा, खिडक्या, वळचण

दाराखालची फट मोजायला फुटपट्टी नको. दार लावून बाहेरून साधी पेन्सिल आडवी सरकवा. पेन्सिल आत गेली तर मण्यारीचं पिल्लूही जाईल. फट पाव इंचापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली लावायची अॅल्युमिनियमची रबरवाली पट्टी मिळते, ती दाराच्या आतल्या बाजूने स्क्रूने बसवा. चिकटपट्टीवाला स्पंज फिनाइलच्या पाण्याने महिन्याभरात सुटतो.

बेळगावच्या पावसात लाकूड फुगतं. एप्रिलमध्ये पट्टी घट्ट टेकवून बसवली तर जुलैत दार उंबऱ्याला घासतं, घरातले दार ओढून घ्यायचं सोडून देतात आणि सगळं काम वाया जातं. पट्टीची धातूची कड उंबऱ्यापासून ३-४ मिलिमीटर वर ठेवा, उरलेली फट लवचिक रबराने झाकू द्या. दगडी उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला असेल तर आधी सिमेंटने सपाट करून घ्या, कारण सरळ पट्टी खोलगट उंबऱ्याला कधीच टेकत नाही. मागच्या दाराकडे जास्त लक्ष द्या. पुढचं दार सगळे बघतात, साप मात्र परड्याकडून येतो.

मंगळोरी कौलांच्या घरात वळचणीला वासे आणि भिंत यांच्यामधली पोकळी हा उंदरांचा हमरस्ता. त्यांच्यामागून कवड्या, तस्कर, कधी धामण वर जाते. तिथे पाव इंची वेल्डेड जाळी वाशा-वाशांमध्ये खिळ्यांनी बसवायची. सिमेंटने बुजवायचं नाही. माळ्याला हवा लागते, नाहीतर दोन पावसाळ्यांत वासे कुजायला लागतात. खिडकीला टेकलेली फांदी आणि गजांवर चढवलेला मनी प्लांट तीन फूट मागे छाटा.

शहापूर-वडगावात विणकामाचे माग असलेल्या घरांत मागाखालचा खड्डा आणि सुताच्या पोत्यांमागची जागा रोज सकाळी पाय घालण्याआधी टॉर्चने बघायची सवय हवी. तिथे उजेड कमी आणि उब जास्त असते.

कंपाऊंड चिऱ्याचं असेल तर दरजा भरून घ्या, पण पाणी निघायची भोकं बुजवू नका. मागे मातीचा भराव असेल आणि पाणी कोंडलं तर जोराच्या पावसात भिंतच पडते. भोकांना मागच्या बाजूने जाळीचा तुकडा लावायचा.

उंदीर

उंदीर संपले की सापाचं घराकडे येण्याचं मोठं कारण संपतं. पण बहुतेक घरांत सुरुवात विषाच्या वड्यांनी होते आणि ती उलटी पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन फिरतो. त्याला गव्हाणी घुबड, मांजर किंवा धामण खाते आणि विष त्यांच्यात उतरतं. म्हणजे जे फुकट उंदीर मारतात त्यांनाच आपण मारतो. वर माळ्यावर मेलेल्या उंदराचा वास महिनाभर जात नाही तो निराळाच.

आधी त्यांचं खाणं तोडा. भाताची पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवली की मागची बाजू उंदराची होते. फळ्यांवर दीड फूट उंच, भिंतीपासून एक फूट अंतरावर ठेवा, म्हणजे झाडू फिरतो. तांदूळ, शेंगा आणि रताळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. कुत्र्या-मांजराचं भांडं आणि कोंबड्यांचं खाद्य दिवेलागणीला आत घ्या. ओला कचरा रात्री दाराबाहेर ठेवायची पद्धत सोडा. घंटागाडी सकाळी येते, तोपर्यंत तो झाकणाच्या बादलीत राहू दे.

मग पिंजरे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री पिंजरा भिंतीलगत ठेवून त्यात भजं किंवा सुका बोंबील टाका, पण दार अडकवून उघडंच ठेवा. तो निर्धास्त खायला लागला की चौथ्या रात्री चाप लावा. पहिल्याच रात्री चाप लावला तर एखादा सापडतो आणि बाकीचे शहाणे होतात. चिकट पाट्या वापरू नका. त्यावर पाली, चिमण्या आणि साप चिकटतात, आणि चिकटलेला नाग सोडवायला रात्री अकरा वाजता कोणाला तरी बोलवावं लागतं. तेल ओतून स्वतः सोडवायला जायचं नाही.

परड्यातली बिळं चालू आहेत का हे बघायला संध्याकाळी प्रत्येक तोंडात चुरगळलेला कागद खोचा, हाताने नव्हे, काठीने. सकाळी जिथला कागद बाहेर पडला असेल ते बीळ चालू. सलग दोन-तीन दिवस कागद हलला नाही की मगच खडी आणि सिमेंट घालून बुजवा. चालू बीळ बुजवलं तर आतला प्राणी दुसरीकडून, कधी थेट घराच्या फरशीखालून, वाट काढतो. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसायच्या, नाहीतर त्यातले रोगजंतू धुळीबरोबर नाकात जातात.

परडं

लाकडं, शेणी, जुनी कौलं, बांधकामातून उरलेल्या विटा: हे चार ढीग म्हणजे सापाची तयार घरं. लाकडं दगडांवर फळी टाकून दीड फूट उंच रचा आणि घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. काढताना वरून काढायची, मधून ओढायची नाहीत, आणि आधी काठीने ठोकायचं. पिंजाराची गंजी घराला लागून रचू नये. जागाच नसेल तर निदान रात्री तिथे हात घालायचा नाही. उरलेली कौलं पुढच्या गळतीला लागतील म्हणून ठेवलेली असतात, ती उभी आणि सुटी रचली तर आत अंधार राहत नाही.

मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू म्हणजे बेडकांचं माहेर, आणि बेडकांमागे नाग, दिवड. अळू हवंच असेल तर न्हाणीच्या भोकापासून दहा फूट लांब लावा. गळका नळ दुरुस्त करा.

कोंबड्यांचा खुराडा जमिनीपासून दोन फूट उंच, आणि सगळीकडे पाव इंची वेल्डेड जाळी. एक इंची षट्कोनी जाळीतून साप उपाशी आत जातो, कोंबडीची पिल्लं खाऊन फुगतो आणि बाहेर पडता येत नाही म्हणून तिथेच बसतो. सकाळी अंडी काढायला हात घालणाऱ्याला तो भेटतो. वाफ्यांवर किंवा कुंपणावर मासेमारीची नायलॉन जाळी टाकू नका. साप त्यात अडकून तडफडतो, आणि सोडवायला गेलेल्याला चावतो.

विहिरीला गजांची चौकट करून जाळी घाला. तोपर्यंत काथ्याचा जाड दोर किंवा खडबडीत बांबू तिरका सोडून ठेवा. पडलेली मांजर किंवा नाग गुळगुळीत कठड्यावर चढू शकत नाही, बांबूवरून मात्र आपोआप वर येतो आणि तुमचं पिण्याचं पाणी वाचतं.

बाजारातल्या उपायांचा विषय एका परिच्छेदात संपतो. कार्बोलिक अॅसिड, डांबरगोळ्या, लसूण-हिंगाचं पाणी, राखेची रेघ, सापाला पळवणारं म्हणून विकलेलं रोप: यापैकी कशानेही साप थांबत नाही. कार्बोलिकने मुलांचे पाय मात्र भाजतात. बिळात रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं त्याहून वाईट, ते झिरपून विहिरीत जातं. धूर केला तर बाहेर असलेला साप आत यायची शक्यता जास्त. नागपंचमीला दूध पाजायच्या नावाखाली फिरवलेला नाग कोणी दारात आणला तर पैसे देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे साप पकडून बाळगणं गुन्हा आहे, आणि साप दूध पचवू शकत नाही. मातीचा नाग पुजायची आपली पद्धत बरी.

झोप

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश इतका बारीक की बरेचदा जागही येत नाही, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे पित्त समजून सोडा देतात आणि दोन तास जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कोणाला पहाटे अशी लक्षणं दिसली तर चाव्याची खूण शोधत बसू नका, थेट सिव्हिल गाठा.

खाट असेल तर खाटेवर झोपा आणि पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणी, आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली वीतभर दुमडलेली. नुसती लोंबती मच्छरदाणी डासाला अडवते, सापाला नाही. उशाशी टॉर्च असू दे. रात्री न्हाणीकडे जाताना दिवा लावूनच जा. बूट, हेल्मेट आणि पावसाचे गमबूट सकाळी उपडे करून आपटायचे.

साप घरात दिसला तर

सगळ्यांना आणि कुत्र्याला खोलीबाहेर काढा. एकाच माणसाने दहा फुटांवरून नजर ठेवायची. साप नजरेआड झाला की पुढचे तीन तास भांडी-कपाटं हलवण्यात जातात, म्हणून हा माणूस महत्त्वाचा. आतल्या खोल्यांची दारं लावा, खाली ओलं टॉवेल कोंबा, आणि परड्याकडचं दार उघडं ठेवा. पुष्कळ वेळा गडबड थांबली की साप आपणच बाहेर निघून जातो. झाडू, गरम पाणी किंवा झुरळांचा स्प्रे वापरायचा नाही. चावे बहुतेक वेळा मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच बसतात.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. फोनवर गल्ली, जवळची खूण, साप कुठल्या खोलीत कशाखाली आहे, लांबी आणि रंग, एवढं सांगा. पलीकडचा माणूस बहुधा कानडी बोलणारा असतो. ‘मन्याग हाव बंदैती’ (घरात साप आलाय) एवढं म्हणता आलं तरी काम पुढे सरकतं. आलेला सर्पमित्र सापाचं चुंबन घ्यायला, गळ्यात घालायला किंवा गर्दीत फोटो काढायला लागला तर त्याला पुन्हा बोलवू नका. चांगला माणूस हूक आणि नळी-पिशवी घेऊन येतो, आधी गर्दी मागे हटवतो आणि पाच मिनिटांत निघतो.

त्याला एक गोष्ट विचारा: साप कुठे सोडणार? ‘खानापूरच्या जंगलात’ हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण चुकीचं. अनोळखी जागी सोडलेला साप आडोसा आणि खाणं शोधत भटकतो, रस्त्यावर चिरडतो किंवा दुसऱ्याच्या घरात शिरतो. शिवाय तुमच्याकडची रिकामी जागा उंदरांच्या वासावर दुसरा साप भरून काढतो. पकडला त्याच परिसरात, वस्तीपासून थोडं बाहेर, नाल्याच्या किंवा बांधाच्या झाडीत सोडणं बरं.

दंश झाला तर

माणसाला सापापासून दूर नेऊन बसवा किंवा आडवं करा. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर ती कापावी लागतात. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून सुद्धा. उलटी किंवा गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. दंशाची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तीच पहिली विचारतात.

दोरी आवळून बांधू नका. रक्तपुरवठा तुटून हात-पाय सडतो, आणि दवाखान्यात दोरी सोडली की साचलेलं विष एकदम अंगभर जातं. चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. मंत्र, उतारा, विषखडा यांत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक.

लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. खानापूरच्या आतल्या गावांतून निघताना ती जवळ कुठे आहे हे फोन करून विचारून मगच गाडी वळवा; थेट बेळगाव गाठायच्या नादात वाटेतला तालुका दवाखाना सोडू नका, पहिला डोस तिथेच मिळू शकतो. लस सुरू करताना साधारण दहा बाटल्या एकदम देतात, मुलांनाही तितक्याच, कारण विष तेवढंच असतं. ‘लहान आहे, कमी द्या’ असा आग्रह धरायचा नाही. घोणशीच्या दंशात काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का बघतात. ती नळी मध्येच हलवायला सांगू नका. काहीच लक्षणं नसली तरी चोवीस तास दवाखान्यात राहावं लागतं. रात्री बरं वाटतंय म्हणून घरी नेलेला मण्यारीचा रुग्ण पहाटे श्वास अडकून जातो.

सुगी आणि पूर

नोव्हेंबरच्या सुगीत भात कापताना गमबूट घाला, पेंढ्या उचलण्याआधी काठीने उलटा, आणि रात्री खळ्यावर राखणीला झोपायचं असेल तर खाट न्या. उसाच्या फडात तोडणीच्या वेळी साप आणि घुशी शेवटच्या सऱ्यांत गोळा होतात, तिथे घाई करायची नाही.

चिकोडी, अथणी, रायबागच्या नदीकाठी २०१९ सारखा पूर आला की साप माळ्यावर, कपाटात, खिडकीच्या चौकटीत चढून बसतात. पाणी ओसरल्यावर घरात दिवसाच शिरा. आधी विजेचा मेन बंद असल्याची खात्री करा. सगळी दारं-खिडक्या उघडून अर्धा-पाऊण तास बाहेर थांबा. मग लांब काठीने गाद्या, पोती आणि भिंतीला टेकलेल्या वस्तू एकेक आपल्याकडे न ओढता बाजूला पाडा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागची मोटरची जागा टॉर्चने बघितल्याशिवाय हलवायची नाही. साचलेला गाळ फावड्यानेच काढा, हाताने नको.